नागपूरच्या थंडीपुरता स्वेटर आणि त्यासाठी नाडीची पिशवी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

नागपूरची थंडी थोड्या दिवसांची असते आणि तीही मुख्यतः पहाटेची व रात्रीची. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तापमान साधारण २८ अंशांच्या आसपास असते आणि पहाटे ते १२-१३ अंशांवर उतरते. मध्येच उत्तरेकडून गार वारे आले, तर पारा झपाट्याने घसरतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत गेला होता. विणकाम शिकू पाहणाऱ्याने सुरुवातीलाच हे ध्यानात घ्यावे, कारण लोकर किती जाड घ्यायची, कोणता नमुना निवडायचा आणि कामाला कधी हात घालायचा, हे तिन्ही निर्णय या हवामानावरच ठरतात. व्हिडिओंत दिसणारे जाडजूड, पिळाच्या नक्षीचे स्वेटर देखणे असतात, पण नागपुरात सकाळी नऊनंतर ते अंगावर ठेववत नाहीत. इथे मोठ्या माणसांसाठी पातळ हाफ स्वेटर आणि लहान मुलांसाठी हलका पूर्ण बाह्यांचा स्वेटर उपयोगी पडतो. पहिला स्वेटर तर लहान मुलाचाच असावा, कारण तो लवकर पूर्ण होतो आणि चुकला तरी फार लोकर उसवावी लागत नाही.

पैसे वाचतील या हिशेबाने मात्र विणायला बसू नये. दर हिवाळ्यात शहरात तिबेटी विक्रेत्यांची दुकाने लागतात, लुधियानाचा यंत्रावर विणलेला माल सगळीकडे मिळतो, आणि त्यांच्याशी किमतीत स्पर्धा करणे हातविणकामाला शक्य नाही. हातच्या स्वेटरचा फायदा मापात आहे. बाही लांब हवी, गळा मोकळा हवा, खांद्यावर उघडता यायला हवा, अशा गोष्टी आपल्याला हव्या तशा करता येतात.

वेळेचे गणित असे बसवावे. पावसाळ्यात विणकाम ठेवायची पिशवी शिवून घ्यावी आणि टाक्यांचा सराव करावा. पोळा आणि मारबत उरकली की स्वेटरचे टाके सुईवर घालावेत, म्हणजे रोज तासभर बसणाऱ्याचा दोन वर्षांच्या मुलाचा स्वेटर दिवाळीच्या सुमारास शिवून तयार होतो. एप्रिल-मे महिन्यांत लोकर मांडीवर घेऊन बसण्यात काही अर्थ नाही.

आधी पिशवी

स्वेटरच्या आधी पिशवी का, असे कोणी विचारील. स्वेटर हे महिना-दोन महिने चालणारे काम आहे. तेवढ्या काळात ते दिवाणावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खिडकीत फिरत राहते, त्यावर धूळ बसते, सुईवरून टाके निसटतात, गुंडा पलंगाखाली जातो, आणि मग काम मागे पडते. सुया, लोकर आणि नमुन्याचा कागद एकाच जागी असले की दहा मिनिटांची सवड मिळाली तरी दोन ओळी विणून होतात. शिवाय पिशवीत सगळ्या शिवणी सरळ असल्यामुळे शिलाई मशीनवर हात बसवायला ती चांगली. मशीन नसेल तर हाताने उलट टीप घालूनही ती पक्की होते, फक्त वेळ जास्त लागतो.

चेनची किंवा वेल्क्रोची पिशवी मी सुचवणार नाही. चेनच्या दातांत लोकर अडकते आणि वेल्क्रो तर विणलेल्या भागाचे धागेच ओढून काढतो. नाडीची पिशवी या दोन्हींपेक्षा जुनी आणि सोयीची आहे. तोंड अर्धवट ओढून घेतले की गुंडा आत राहतो आणि लोकर वरच्या फटीतून सुटत येते.

कापड सुती आणि जरा जाडसर असावे. बाहेरून मांजरपाट किंवा खादी आणि आतून जुन्या सुती साडीचे अस्तर ही जोडी उत्तम. ज्या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथे सुती कापडासाठी फार हिंडावे लागत नाही. गांधीबाग आणि इतवारीच्या बाजारात ते सहज मिळते. ११२ सेंटिमीटर पन्ह्याचे कापड बाहेरच्या बाजूसाठी ६० सेंटिमीटर आणि अस्तर विकत घेणार असाल तर तेवढेच अस्तरासाठी घ्यावे. लागते ५० सेंटिमीटरच. वरचे दहा आटण्यासाठी. मांजरपाट पहिल्या पाण्यात चांगलाच आटतो, म्हणून कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतावे. ही पायरी गाळली तर पहिल्या धुण्यानंतर बाहेरचे कापड आखडते आणि अस्तर पिशवीच्या तोंडातून बाहेर डोकावू लागते.

बाहेरच्या कापडाचे ४२ सेंटिमीटर रुंद व ५० सेंटिमीटर उंच असे दोन तुकडे कापावेत आणि अस्तराचेही तसेच दोन. सर्व बाजूंनी १ सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, यात धरलेली आहे. अस्तराच्या एका तुकड्यावर १८ बाय १५ सेंटिमीटरचा खिसा आधीच शिवून घ्यावा; कात्री, मोजपट्टी आणि शिवणाची बोथट सुई त्यात राहते. मशीनला १४ नंबरची सुई लावावी आणि टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर ठेवावी.

आता बाहेरचे दोन तुकडे सुलटी बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवावेत आणि दोन्ही कडेच्या शिवणी घालाव्यात. मात्र दोन्हीकडे वरच्या काठापासून ५ सेंटिमीटर खाली आल्यावर अडीच सेंटिमीटर जागा न शिवता सोडावी आणि तिच्या दोन्ही टोकांना टीप मागेपुढे करून पक्की करावी. नाडी याच फटींतून जाणार आहे. मग तळ शिवावा. अस्तर याच पद्धतीने शिवावे, पण त्याच्या कडेला फट ठेवू नये. त्याऐवजी तळाच्या मध्यावर १२ सेंटिमीटर जागा उघडी सोडावी.

पिशवी जमिनीवर उभी राहावी यासाठी तळाचे कोपरे शिवावे लागतात आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. कोपऱ्यात हात घालून तो असा चपटा करावा की कडेची शिवण बरोबर तळाच्या शिवणीवर येईल. तसे केले की कोपऱ्याचा त्रिकोण तयार होतो. ज्या ठिकाणी या त्रिकोणाची रुंदी १० सेंटिमीटर भरते तिथे खडूने आडवी रेघ मारावी, रेघेवर टीप घालावी आणि पलीकडचा तुकडा १ सेंटिमीटर माया ठेवून कापून टाकावा. बाहेरच्या पिशवीचे दोन आणि अस्तराचे दोन, असे चारही कोपरे याप्रमाणे करावेत.

यानंतर बाहेरची पिशवी सुलटी करून अस्तराच्या आत घालावी. अस्तर उलटेच राहू द्यावे, म्हणजे दोन्हींच्या सुलट्या बाजू समोरासमोर येतात. कडेच्या शिवणी जुळवून वरचा काठ गोलाकार शिवावा. अस्तराच्या तळाशी सोडलेल्या जागेतून सगळी पिशवी बाहेर ओढून घ्यावी, ती जागा शिवून बंद करावी, अस्तर आत सरकवावे आणि वरच्या काठावर इस्त्री फिरवावी. शेवटी काठापासून ४ आणि साडेसहा सेंटिमीटरवर दोन समांतर टिपा घालाव्यात. त्यांच्यामध्ये नेफा तयार होतो. पायजम्याला वापरतात तशा सुती नाडीचे ११० सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्यावेत. सेफ्टी पिनेने एक नाडी डाव्या फटीतून घालून पूर्ण वेढा घेऊन डावीकडेच बाहेर काढावी आणि दुसरी उजवीकडून तशीच ओवावी. दोन्हीकडे ओढले की तोंड मिटते. पिशवीची उंची सुमारे ४३ सेंटिमीटर भरते, म्हणून ३५ सेंटिमीटरच्या सरळ सुया नेफ्याच्या खाली उभ्या मावतात; हे माप त्यासाठीच धरले आहे.

लोकर आणि सुया

बाजारात लोकर म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे ॲक्रिलिक असते. त्यात वाईट काही नाही: ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते, कसर त्याला खात नाही आणि मुलांच्या अंगाला टोचत नाही. पण अस्सल लोकर म्हणून जास्त पैसे मोजत असाल, तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून थाळीवर जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की लवकर विझते आणि तिची राख बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. इथल्या थंडीसाठी माझी पसंती लोकर आणि ॲक्रिलिकच्या मिश्र धाग्याला आहे. सुती धागा हवेला सोयीचा वाटतो खरा, पण तो ताणला जात नाही आणि जड असतो, त्यामुळे शिकताना हातांना त्रास देतो.

दोन वर्षांच्या मुलाच्या स्वेटरला मध्यम जाडीची साधारण २५० ग्रॅम लोकर लागते. ती एकदमच घ्यावी आणि प्रत्येक वेष्टनावरचा लॉट नंबर सारखा आहे ना, हे दुकानातच पाहावे, कारण वेगळ्या लॉटमधला तोच रंग विणल्यावर पाठीवर पट्टा उमटल्यासारखा दिसतो. रंग फिका घ्यावा. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि रात्री ट्यूबलाइटखाली तर मुळीच दिसत नाहीत.

सुयांचे नंबर आपल्याकडे जुन्या पद्धतीचे चालतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. या दोन जोड्या पुरतात. घामेजल्या हातांत ॲल्युमिनियमच्या सुयांवरून टाके फार सरकतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात शिकणाऱ्याला बांबूच्या सुया बऱ्या.

दोनच टाके

सगळे विणकाम सुलट आणि उलट या दोन टाक्यांवर उभे आहे. सुलट टाक्यासाठी लोकर कामाच्या मागे ठेवावी, उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घालावी, तिच्या टोकावर लोकरीचा वेढा घ्यावा, तो वेढा टाक्यातून पुढे ओढून आणावा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यावा. उलट टाक्यात लोकर कामाच्या पुढे असते आणि सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे, आपल्या बाजूने जाते. बाकी क्रिया तीच. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी विणत गेल्यास एका बाजूला गुळगुळीत पोत येतो आणि दुसऱ्या बाजूला आडव्या गाठी दिसतात.

नवशिक्याचे टाके आपोआप वाढतात ते बॉर्डर विणताना. एक सुलट, एक उलट करताना लोकर प्रत्येक वेळी पुढे-मागे न्यावी लागते आणि ती दोन सुयांच्या मधून न्यायची असते. ती सुईच्या वरून नेली की सुईवर एक फालतू वेढा बसतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि त्याखाली भोक पडते. म्हणून प्रत्येक ओळ संपल्यावर टाके मोजावेत. कंटाळवाणे आहे, पण पहिले आठ दिवस तरी मोजावेत.

टाका निसटला तर घाबरून सुया ओढू नयेत. तो टाका खाली उतरत गेलेला असतो आणि त्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसते. गुळगुळीत बाजू आपल्याकडे ठेवून सुटलेल्या टाक्यात क्रोशाची सुई पुढून घालावी, शिडीचा सर्वांत खालचा धागा पकडून टाक्यातून पुढे ओढावा, मग त्याच्या वरचा, असे करत टाका पुन्हा सुईवर चढवावा. शिवाय अवघड भागाच्या आधी, म्हणजे गळ्याला हात घालण्यापूर्वी, वेगळ्या रंगाचा सुती दोरा बोथट सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवावा. पुढे बिघडले आणि उसवावे लागले, तरी काम त्या दोऱ्यापाशी थांबते.

नमुन्याचा चौकोन

ही पायरी सगळ्यांनाच टाळाविशी वाटते आणि स्वेटर मापात न बसण्याचे कारण बहुतेक वेळा हीच असते. ८ नंबरच्या सुईवर ३० टाके घालून ४० ओळी विणाव्यात, तुकडा धुऊन सपाट वाळवावा आणि मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके व किती ओळी येतात ते मोजावे. पुढचा हिशेब २२ टाके आणि २८ ओळी धरून केला आहे. हात घट्ट असेल आणि २४ टाके येत असतील, तर ६० सेंटिमीटर घेराचा स्वेटर ५५ सेंटिमीटरचाच होईल. अशा वेळी हात सैल करण्याचा प्रयत्न न करता एक नंबर जाड सुई, म्हणजे ७ नंबरची, घ्यावी आणि चौकोन पुन्हा विणावा.

स्वेटर

दोन वर्षांच्या मुलाची छाती साधारण ५३ सेंटिमीटर असते. आत सुती सदरा येणार, म्हणून स्वेटरचा घेर ६० धरू. पाठीला ३० सेंटिमीटर आले. ३० ला २.२ ने गुणले की ६६ टाके होतात आणि शिवणीचे दोन मिळवून ६८. मूल सडपातळ किंवा गुटगुटीत असेल, तर त्याचे खरे माप घेऊन हाच गुणाकार करावा.

पाठीसाठी १० नंबरच्या सुईवर ६८ टाके घालावेत. अंगठ्याच्या पद्धतीने टाके घालणार असाल तर सुरुवातीला दीड मीटर लोकर मोकळी सोडावी, म्हणजे शेवटच्या चार टाक्यांना ती अपुरी पडत नाही. एक सुलट, एक उलट अशी ५ सेंटिमीटर बॉर्डर विणून ८ नंबरच्या सुया घ्याव्यात आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे एकूण उंची ३४ सेंटिमीटर होईपर्यंत विणावे. २० सेंटिमीटरवर दोन्ही कडांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. बाही तिथपर्यंत येणार आहे. शेवटी सुलट बाजूच्या ओळीत सुरुवातीचे ४८ टाके बंद करावेत, म्हणजे दोन टाके विणून पहिला दुसऱ्यावरून उतरवायचा, मग पुढचा एक विणून पुन्हा तसेच करत जायचे. त्यांत उजवा खांदा आणि गळा आला. राहिलेल्या २० टाक्यांवर ६ ओळी नुसत्या सुलट विणून मग ते बंद करावेत. ही पट्टी डाव्या खांद्यावर बटणांखाली येते. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ४८ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि विणलेल्या गळ्यातून तो कष्टानेच जातो, म्हणून खांदा उघडता आलाच पाहिजे.

पुढचा भाग २९ सेंटिमीटरपर्यंत पाठीसारखाच विणावा. मग २६ टाके विणून मधले १६ बंद करावेत आणि उरलेले २६ विणावेत. यापुढे दोन्ही बाजू वेगवेगळ्या विणायच्या. प्रत्येक बाजूला गळ्याकडच्या टोकाला एकाआड एक ओळीत दोन टाके एकत्र विणावेत, असे सहा वेळा. २० टाके उरतील. १४ ओळी झाल्या की खांदा पाठीच्या उंचीला येतो.

बाहीला १० नंबरच्या सुईवर ३८ टाके घालून ४ सेंटिमीटर बॉर्डर विणावी. मग ८ नंबरच्या सुईवर दर चौथ्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवावा. १२ वेळा वाढवले की ६२ टाके होतात आणि बाहीची लांबी साधारण २१ सेंटिमीटर भरते. टाके सैल हाताने बंद करावेत. दोन्ही बाह्या एकाच वेळी, एकाच सुईवर दोन गुंडे लावून विणता येतात. तसे केल्यास त्या लांबीला सारख्या होतात आणि दुसऱ्या बाहीचा कंटाळाही येत नाही.

जोडताना आधी उजवा खांदा शिवावा. सुलट बाजू समोर धरून १० नंबरच्या सुईने पुढच्या डाव्या खांद्यापासून गळ्याभोवती टाके उचलावेत: उतारावर १२, मध्ये १६, दुसऱ्या उतारावर १२ आणि पाठीचे २८. या ६८ टाक्यांवर ६ ओळी बॉर्डर विणून सैल बंद करावी. डाव्या खांद्याची पट्टी पुढच्या भागाखाली सरकवून बाहीकडच्या टोकाला टाचावी. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून ती दोन्हीकडे रंगीत दोऱ्यापर्यंत शिवावी, आणि मग मनगटापासून काखेपर्यंत व काखेपासून खालच्या काठापर्यंत एकच शिवण घालावी. बटणांसाठी काज करण्याच्या फंदात पहिल्या स्वेटरला पडू नये. आतून टिचबटणे आणि वरून शोभेची दोन बटणे लावली की काम भागते. फक्त ती दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवावीत, कारण या वयाची मुले ती तोंडात घालतात.

धुणे आणि ठेवणे

ॲक्रिलिकच्या स्वेटरला इस्त्री लावू नये. उष्णतेने धागा चपटा आणि लुळा पडतो आणि तो पुन्हा उभारी धरत नाही. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि सावलीत सपाट पसरून वाळवावा. दोरीवर टांगला की पाण्याच्या वजनाने बाह्या लांबतात. होळीनंतर स्वेटर धुऊन, पूर्ण कोरडा करूनच ठेवावा. धाग्यात खरी लोकर असेल तर कसर लागू नये म्हणून सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा डांबरगोळी सुती कापडात बांधून ठेवावी. उरलेला गुंडा लॉट नंबरच्या वेष्टनासह खिशात राखून ठेवावा, कारण पुढच्या हिवाळ्यात मुलाचे हात वाढलेले असतात आणि मनगटाची बॉर्डर उसवून, टाके उचलून, बाही चार बोटे लांबवावी लागते.